शालेय ग्रंथालये : कुलूप कोणी काढावयाचे?

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याला शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेत शिक्षक किती असावेत, वर्गखोल्या कशा असाव्यात, वर्षात कामाचे दिवस किती भरावेत, यांची मापे तीत दिलेली आहेत. तिच्या सहाव्या कलमात ग्रंथालय येते. प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके पुरविणारे ग्रंथालय असेल, असे ते कलम सांगते. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. शासन दरवर्षी शाळांकडून जी माहिती भरून घेते, तीत ग्रंथालय आहे काय आणि पुस्तके किती, असे रकाने असतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील बहुतेक शाळांनी पहिल्या रकान्यात ‘होय’ असे लिहिलेले आढळेल, आणि ते खोटे म्हणता येणार नाही. पुस्तके आहेत, कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे. मुलाच्या हातात पुस्तक जाते काय, हा प्रश्न मात्र त्या रकान्यांत कोणी विचारलेला नाही.

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने शाळेच्या कपाटाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. शाळेत जे घडले नाही त्याचा हिशेब अखेरीस महाविद्यालयात येऊन पडतो, हे त्याचे एक कारण आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात पाठ्यपुस्तक आणि मार्गदर्शक सोडून वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचे नाव विचारले, तर साठ-सत्तर मुलांत तीन-चार हात वर येतात. ही मुले बुद्धीने कमी नाहीत. बाजार समितीत मिरचीचा भाव सकाळी कोणता होता आणि दुपारी का उतरला, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. परंतु छापील पान स्वतःच्या मर्जीने उघडावे, आवडले नाही तर मिटावे आणि दुसरे घ्यावे, ही सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते. दुसरे कारण असे की, कपाटाला कुलूप का लागते हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा जितका आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा सहा तालुक्यांचा जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरतेचे प्रमाण राज्यात ८२ टक्के असताना येथे ते ६४ टक्के, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत नीचांकी होते. हे आकडे प्रत्येक भाषणात येतात आणि प्रत्येक योजनेच्या प्रस्तावनेतही येतात. त्यांचा एक अर्थ मात्र सहसा सांगितला जात नाही. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगराळ पाड्यावरचे मूल ज्या घरातून शाळेत येते, त्या घरात बहुधा एकही पुस्तक नसते. शहाद्याच्या सधन केळीबागायतदाराच्या किंवा नंदुरबारच्या व्यापाऱ्याच्या घरी शालेय ग्रंथालयाची उणीव थोडीफार भरून निघू शकते. धडगावच्या पलीकडे ती भरून काढणारे दुसरे काहीही नाही. तेथे शाळेचे कपाट हेच गावाचे एकमेव ग्रंथालय असते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ साली केला हे खरे. परंतु त्या कायद्याचे अनुदान मागावयास गावात आधी एखादी संस्था उभी राहावी लागते. जेथे ती उभी राहण्याची शक्यता सर्वांत कमी, तेथेच गरज सर्वांत जास्त आहे.

आता कुलपाकडे वळू. शाळेत आलेले पुस्तक जडसंग्रह नोंदवहीत चढते. शाळेत तिला सर्वजण डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, आणि हे नाव पुस्तकांच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरते. खुर्ची, घंटा, पाण्याची टाकी आणि गोष्टीचे पुस्तक या सर्वांची नोंद तेथे एकाच न्यायाने होते. वस्तू आली त्या दिवशी जशी होती तशीच ती बदलीच्या दिवशी पुढच्याच्या ताब्यात गेली पाहिजे, हा तो न्याय होय. मुख्याध्यापकांची बदली झाली की कार्यभार देताना यादी वाचली जाते. वीस पुस्तके कमी भरली तर खुलासा मागितला जातो आणि प्रसंगी किंमत खिशातून भरावी लागते. उलट, तीनशे पुस्तके पाच वर्षे कोणी उघडलीही नाहीत, तर त्याबद्दल कोणी खुलासा मागत नाही. म्हणजे पुस्तक देण्यात धोका आहे आणि न देण्यात काहीही धोका नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस कपाटाला कुलूप लावील. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्या जागी लेखापरीक्षक असता तर त्यानेही तेच केले असते. माणसे नियमांतील प्रलोभनांप्रमाणे वागतात, हा आमच्या शास्त्रातला पहिला पाठ. आपल्या शिक्षकांच्या वाचनप्रेमावर व्याख्याने देण्यापूर्वी तो गिरवावयास हवा.

गंमत अशी की, पुस्तके हरवावयाचीच, हे खुद्द केंद्र सरकारच्या वित्त विभागाने केव्हाच मान्य केलेले आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयी एक तरतूद आहे. वर्षभरात वाचावयास दिलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असे ती सांगते. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मिळ ग्रंथांची चौकशी मात्र अवश्य व्हावी, असेही तीत म्हटले आहे. आमच्या शाळांत एवढ्या किमतीचे पुस्तक क्वचितच असते, आणि दुर्मिळ म्हणावे तर तेथे वाचकच दुर्मिळ. हे नियम केंद्राच्या कार्यालयांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांना ते आपोआप लागू होत नाहीत. तथापि त्यांतील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. वाजवी नुकसान किती हे ठरविताना संग्रहात ग्रंथ किती आहेत हे पाहिलेले नाही, वाचावयास किती दिले हे पाहिले आहे. जो अधिक देईल त्याला अधिक सूट, आणि जो कपाट उघडणारच नाही त्याला एकाही पुस्तकाची सूट नाही.

हाच हिशेब साठ मुलांच्या एका लहान शाळेला लावून पाहू. दर आठवड्यास प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी नेले आणि वर्षातील पस्तीस आठवडे हा क्रम चालला, तर देवघेव होते २,१०० वेळा. दर हजारी पाच या मापाने दहा पुस्तके हरवणे क्षम्य ठरते. मुलांची पातळ, सचित्र पुस्तके पन्नास रुपयांच्या आसपास मिळतात असे धरले, तर हे नुकसान पाचशे रुपयांचे झाले. दोन हजार शंभर वाचनांमागे पाचशे रुपये, म्हणजे एका वाचनास पंचवीस पैशांहूनही कमी! समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. सर्वांत लहान शाळेचे पाच हजार धरले तरी त्यात शंभर पुस्तके येतात. त्यांतील दहा हरवली, दहा फाटली, तरी ऐंशी उरतात, आणि ती वाचली गेलेली असतात. कुलपातल्या शंभर पुस्तकांची मात्र चार पावसाळ्यांत वाळवी काय अवस्था करते, हे धडगावच्या कोणत्याही गुरुजींना विचारावे. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाचा खुलासा कोणी मागत नाही, ही त्यातली आणखी एक मौज.

येथे माझ्याच शास्त्रातील एक गैरसोयीचा पुरावा मांडणे मला प्राप्त आहे. कर्नाटकात ‘अक्षरा’ या संस्थेने शाळांतून चालविलेल्या ग्रंथालय कार्यक्रमाची बोर्कम, हे आणि लिंडन या तीन अर्थतज्ज्ञांनी यादृच्छिक निवडीच्या पद्धतीने काटेकोर पाहणी केली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. सोळा महिन्यांनंतर ग्रंथालय लाभलेल्या शाळांतील मुलांच्या भाषाकौशल्यात इतर शाळांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. ग्रंथालयांचा कैवार घेणाऱ्या लेखात हा दाखला सहसा येत नाही. परंतु तो टाळून पुढे जाणे म्हणजे पुस्तके खरेदी केली की काम झाले, या सरकारी समजुतीला खतपाणी घालणे होय. याच्या शेजारी फिलिपाइन्समधील एक पाहणी ठेवावी. तेथे वर्गातच मुलांच्या वयाची पुस्तके ठेवली, शिक्षकांना ती कशी वापरावीत याचे शिक्षण दिले आणि एकतीस दिवस शाळेच्या वेळेतच वाचनाचा सपाटा लावला. मुलांच्या वाचनकौशल्यात मोजता येईल अशी वाढ झाली. उपक्रम संपल्यावर तीन महिन्यांनी ती निम्म्यावर आली, पण नाहीशी झाली नाही. दोन देश वेगळे, पाहण्याही वेगळ्या. म्हणून यातून सरसकट सिद्धांत काढणे धाडसाचे होईल. मला त्यातून जे दिसते ते एवढेच की, पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये शिक्षकाचा वेळ लागतो आणि तो वेळ वेळापत्रकातून काढून द्यावा लागतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आठवड्यातून एक तास ग्रंथालयासाठी राखून ठेवा, असे सुचविले होते. तो तास कागदावर जेथे आहे तेथेही गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यात जातो, हे आपण सर्वजण जाणतो. वाचन प्रेरणा दिन राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होतो. त्या दिवशी पुस्तके मांडली जातात, छायाचित्रे निघतात, आणि सोळा तारखेला पुस्तके पुन्हा कपाटात जातात.

तिसरा पुरावा केनियाचा आहे, आणि आमच्या जिल्ह्याला तो सर्वांत जवळचा आहे. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांना मोफत पाठ्यपुस्तके देऊन पाहण्यात आली. पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सरासरी मुलाला त्या पुस्तकांचा काही उपयोग झाला नाही. जी मुले आधीच पुढे होती तीच आणखी पुढे गेली. याचे एक कारण असे की, पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती.

आता नंदुरबारकडे पाहावे. नवापुरात मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली व वसावी, अक्राणीत पावरी, सपाटीवर अहिराणी आणि शहादा-तळोद्याकडे गुजरांची बोली अशी या जिल्ह्याची भाषिक रचना आहे. जनगणनेतही भिली आणि खानदेशी यांची मोजणी मराठीहून वेगळी होते. पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीला प्रमाण मराठी ही शाळेच्या दारात प्रथमच भेटते. तिच्यासमोर आपण जे पुस्तक ठेवतो त्यात पुण्याच्या वाड्यातली आजी असते, अंगणात प्राजक्त असतो आणि मामाच्या गावाला जाणारी आगगाडी असते. यांत वाईट काहीच नाही; पुढे तिने तेही वाचावे. परंतु पहिल्या दहा पुस्तकांत तिचा महू, तिची होळी, तिचा ढोल आणि तिच्या आजीच्या तोंडची याहा मोगीची व राजा पांठाची कथा नसेल, तर पुस्तक ही परक्या मुलखातून आलेली वस्तू आहे, अशीच तिची समजूत होईल. मग कुलूप काढले तरी ती कपाटाकडे जाणार नाही.

अशी पुस्तके बाजारात मिळत नाहीत, कारण एवढ्या थोड्या वाचकांसाठी छापणे प्रकाशकाला परवडत नाही. ही बाजाराची उघड मर्यादा आहे आणि म्हणूनच येथे सार्वजनिक पैसा खर्च होणे न्याय्य ठरते. तो फार लागतो असेही नाही. सरदार सरोवराच्या बुडिताशी झगडणाऱ्या नर्मदाकाठच्या गावांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा काढल्या, तेव्हा मुलांच्या बोलीतूनच त्यांनी आरंभ केला. त्या आंदोलनाविषयी कोणाचे काहीही मत असो, हा धडा मतभेदापलीकडचा आहे. त्याहीपूर्वी याच खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत असत. दररोज! त्याला अनुदान नव्हते की छापखाना नव्हता. आमच्या प्रत्येक केंद्रातील एका शाळेने वर्षाला दोन हस्तलिखिते मुलांच्या बोलीत तयार केली, गावातील म्हाताऱ्यांकडून कथा उतरवून घेतल्या, मुलांकडून चित्रे काढवून घेतली आणि त्यांच्या छायाप्रती केंद्रातील इतर शाळांना दिल्या, तर पाच वर्षांत प्रत्येक बोलीत एक चांगले लहानसे कपाट उभे राहील. लिपी देवनागरीच असल्याने ती वाचणारे मूल त्याच पायऱ्यांनी प्रमाण मराठीतही चढते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. हस्तलिखितापासून निघालेले मूल ‘किशोर’पर्यंत पोहोचले की पुढची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

दुर्गम गावी पुस्तके पोहोचवावयाची कशी, हा प्रश्नही नवा नाही. नवापूरहून सीमा ओलांडली की सोनगड लागते. ते त्या काळी बडोदे संस्थानात होते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेले टिकावयाचे तर पुस्तक मिळत राहिले पाहिजे, हे ओळखून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात फिरत्या ग्रंथालयांचा विभाग होता. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव जात, आणि वाचून झाल्या की पुढे सरकत. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पेट्यांचीच युक्ती यशस्वी करून दाखविली आहे. आमच्या जिल्ह्यात तर केंद्रशाळेची रचना तयारच आहे. दहा-बारा शाळांच्या केंद्रात दहा-बारा पेट्या ठेवाव्यात आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला गुरुजी येतात तेव्हा त्या बदलाव्यात. शंभर पुस्तकांच्या अनुदानात प्रत्येक शाळेला वर्षभरात कित्येक पट पुस्तके पाहावयास मिळतील. अर्थशास्त्रात याला भांडवलाची उलाढाल वाढविणे म्हणतात. किराणा दुकानदार ते न शिकता करतो.

आश्रमशाळांचा विचार वेगळा करावा लागेल. नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत जी मुले निवासी शिकतात, त्यांची शाळा सायंकाळी सुटते आणि मग जेवणापर्यंत व त्यानंतर झोपेपर्यंत त्यांना करावयास फारसे काही नसते. वाचनाला याहून सोयीची वेळ कोणती? परंतु ग्रंथालय हे शाळेचे, आणि शाळा सुटली की तेही बंद. वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे त्याची किल्ली नसते. पुस्तके शाळेच्या खोलीतून वसतिगृहाच्या ओसरीवर आणून ठेवणे, दिव्याची सोय करणे आणि मोठ्या इयत्तेतील दोन मुला-मुलींकडे देवघेवीची वही सोपविणे, एवढ्याचसाठी नवे पद मागण्याची आवश्यकता नाही.

स्थलांतराचा प्रश्न याहून अवघड आहे. दिवाळी झाली की या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. लहान मुले बरोबर जातात आणि कित्येकदा होळीपर्यंत किंवा त्याहूनही उशिरापर्यंत परतत नाहीत. हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा खरा उपाय, आणि तो अपुरा आहे. तोवर जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत चार पुस्तके घालून द्यावीत, असे मी म्हणतो तेव्हा ती परत येणार नाहीत, असे लगेच सांगितले जाते. काही येणारही नाहीत. ऊसतोडीच्या तळावर, बांबू-ताडपत्रीच्या कोपीत, ती चार पुस्तके चार भावंडांनी फाटेपर्यंत वाचली, तर त्याहून चांगला विनियोग त्या दोनशे रुपयांचा मला तरी सुचत नाही.

शिक्षकांवर आणखी एक ओझे कशाला, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, त्यात पोषण आहाराचा हिशेब, निरनिराळी ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम. पूर्णवेळ ग्रंथपाल मोठ्या पटसंख्येच्या माध्यमिक शाळेलाच मिळतो, मध्यम पटाची शाळा अर्धवेळावर भागविते आणि प्राथमिक शाळेच्या वाट्याला कोणीच येत नाही. प्रत्येक शाळेला ग्रंथपाल मागणे रास्त असले तरी ते नजीकच्या काळात घडणार नाही, हेही स्पष्ट आहे. केंद्रागणिक एक ग्रंथपाल मागता येईल. पेट्या तयार करणे, फाटलेली पुस्तके शिवणे, आठवड्यातून प्रत्येक शाळेत तासभर जाऊन मोठ्याने गोष्ट वाचून दाखविणे, हे काम त्याने करावे. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन बेकार असलेली मुले-मुली तालुक्यातालुक्यांत आहेत, त्यांतील कित्येकांना पावरी किंवा मावची घरचीच आहे.

मूल वाचावयास शिकले की मग ग्रंथालय, असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पोहता आले की मग पाण्यात उतरू, याच जातीचे ते म्हणणे आहे. त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

खरेदीविषयी मात्र बोलले पाहिजे. अनुदान बहुधा वर्ष संपत आल्यावर हाती येते आणि मार्चअखेर खर्ची टाकावे लागते. मग जो विक्रेता पावतीसह गठ्ठा आणून टाकील तो गठ्ठा घेतला जातो. त्यात थोर पुरुषांची एकाच साच्यातली चरित्रे, सामान्यज्ञानाच्या प्रश्नावल्या आणि मोठ्यांच्या दृष्टीने संस्कारक्षम अशा बोधकथा निघतात. नंदुरबारच्या मुलाने १९४२ च्या ९ सप्टेंबरला याच गावच्या रस्त्यावर गोळी झेललेल्या शिरीषकुमारचे चरित्र अवश्य वाचावे. पण ते चांगले लिहिलेले असावे, आणि त्याच्या शेजारी हसविणारे, घाबरविणारे, केवळ चित्रांचे असेही पुस्तक असावे. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा पुस्तके मांडून शिक्षकांनी आणि प्रत्येक शाळेच्या दोन मुलांनी ती प्रत्यक्ष चाळून निवडावीत. मुलांनी टाळलेली पुस्तके कोणती, याची यादी प्रकाशकांनाही उपयोगी पडेल.

यांतील बहुतेक गोष्टींना मुंबईच्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. दर हजार देवघेवींमागे ठराविक पुस्तके हरवली वा फाटली तर ती मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावर नोंदवहीतून कमी करण्यात येतील व वसुली होणार नाही, एवढे एक परिपत्रक जिल्हा परिषदेने आणि दोन्ही प्रकल्प कार्यालयांनी काढावे. त्यासाठी वरिष्ठांची मान्यता लागत असेल तर ती आताच मागावी. आणि तपासणीस येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी पुस्तके किती आहेत हे न विचारता देवघेवीची वही मागावी व गेल्या महिन्यात किती पुस्तके घरी गेली, ते मोजावे. जूनच्या मध्यास शाळा उघडतात. परिपत्रक त्यापूर्वी निघाले तर या पावसाळ्यातली वाळवी तरी उपाशी राहील.